दंतनियमन : जबड्याचे हाड व दंतमुळे यांवरील परिणाम

दंतनियमन : वाकडे, पुढे आलेले, गर्दी झालेले किंवा परस्परांवर नीट न बसणारे दात अल्प पण दीर्घकाळ टिकणाऱ्या दाबाने योग्य जागी आणण्याच्या दंतवैद्यकाच्या शाखेस दंतनियमन किंवा ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकून बसविलेला नसतो. हाडातील खोबण आणि दाताचे मूळ यांच्यामध्ये सु. ०·२ ते ०·२५ मिमी. जाडीचा तंतुमय थर असतो. त्यास परिदंत बंध म्हणतात. दात सरकतो तो या थरामुळे व त्यातील कोशिकांमुळे. दात सरकताना त्याच्या पुढील बाजूचे हाड झिजते आणि मागील बाजूस नवे हाड तयार होते. ज्या क्रियेने हाड झिजते, तीच क्रिया काही प्रसंगी दाताच्या मुळावरही घडते. हाड पुन्हा भरून येते. मुळाची गेलेली लांबी मात्र परत येत नाही. त्यामुळे हाड झिजावे पण मूळ वाचावे, असा दाब कोणता, हा या शास्त्राच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे. [→ दंतवैद्यक, दात].

प्राचीन काळ : भारतीय वैद्यकात वाकड्या दातांची नोंद प्राचीन आहे. वाग्भटाच्या व माधवाच्या ग्रंथांत ‘कराल’ नावाचा दंतरोग वर्णिला असून, दातांच्या आश्रयास गेलेला वायू त्यांना हळूहळू विकट व वेडेवाकडे करतो, अशी त्याची उपपत्ती दिली आहे. हा रोग असाध्य मानला गेला. दात आपली जागा सावकाश सोडतो, हे निरीक्षण या वर्णनात आहे. परंतु त्यास उलट दिशेने आणता येईल, अशी कल्पना मात्र नाही. रोममध्ये इ. स. पहिल्या शतकात सेल्सस याने वेगळा मार्ग सांगितला. दुधाचा दात पडण्यापूर्वीच कायमचा दात उगवल्यास दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने दाबून जागेवर न्यावा, असे त्याने लिहिले आहे. सततच्या किंवा वारंवारच्या अल्प दाबाने दात सरकतो, या तत्त्वाचा हा जुना उल्लेख होय.

दात आणि हाड यांचा संबंध जिवंत व बदलता असतो, याची साक्ष पुरातत्त्वीय सामग्रीतूनही मिळते. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या (सु. इ. स. पू. १६००–७००) मानवी सांगाड्यांचा व दातांचा अभ्यास जे. आर्. लुकाक्स व एस्. आर्. वाळिंबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. प्राचीन समाजांत भरड अन्नामुळे दातांची चावण्याची पृष्ठे व परस्परांना लागणाऱ्या कडा आयुष्यभर झिजत. झीज होईल तसतसे दात थोडे वर येत व पुढे सरकत, आणि खोबणीचे हाडही त्यांच्या मागोमाग बदलत जाई. यंत्राने दळलेल्या व शिजवून मऊ केलेल्या अन्नामुळे ही झीज पुष्कळ कमी झाली. जबड्याला कमी श्रम पडल्यामुळे त्याची वाढ कमी होते आणि दातांची गर्दी वाढते, असे अनेक मानवशास्त्रज्ञ मानतात. आनुवंशिकतेचा वाटाही त्यात मोठा असतो. तात्पर्य, दंतनियमनात वापरली जाणारी अस्थिक्रिया वैद्याने निर्माण केलेली नाही. निसर्गात सावकाश चालणारी क्रिया तो इच्छित दिशेने वळवितो.

अठरावे व एकोणिसावे शतक : प्येअर फोशार (१६७८–१७६१) या फ्रेंच दंतशल्यविशारदाने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूची पट्टी व दोरे यांनी दात ओढून घेण्याची रीत दिली. मात्र काही प्रसंगी चिमट्याने दात एकाच बैठकीत जागेवर वळविण्याचा उपायही तो करी. अशा वेळी हाड वाकते किंवा मोडते आणि मुळाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुटण्याचा धोका असतो. इंग्लंडमध्ये जॉन हंटर (१७२८–९३) याने १७७१ च्या आपल्या ग्रंथात दाताची खोबण दातासाठीच असते व दात गेल्यावर ती नाहीशी होते, हे निरीक्षण मांडले. दाबाने हाड शोषले जाते, म्हणूनच दात हलविता येतो, हे त्याने ओळखले होते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नॉर्मन किंग्झली (१८२९–१९१३) व जॉन नटिंग फरार यांनी उपचारास पद्धतशीर रूप दिले. फरार याने स्क्रूच्या साहाय्याने थोडाथोडा व मध्ये विश्रांती देणारा दाब सुचविला. हाडास जेवढे सोसेल तेवढाच दाब द्यावा, ही मर्यादेची कल्पना त्याने आग्रहाने मांडली. त्याच काळात दात सरकण्याचे कारण हाड शोषले जाणे की हाड वाकणे, असा वाद सुरू झाला. जर्मन शल्यविशारद यूलियस व्होल्फ (१८३६–१९०२) याने १८९२ मध्ये हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते, हा नियम मांडला. त्याचा प्रभाव या वादावर दीर्घकाळ राहिला. कायमच्या दातांची मुळे झिजू शकतात, ही नोंद १८५६ मध्ये बेट्स याने केली होती. परंतु जिवंत माणसाचे दंतमूळ पाहण्याचे साधन नसल्यामुळे तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

प्रायोगिक पाया : स्वीडनमधील कार्ल सँडस्टेट याचे १९०४–०५ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग या विषयाचा पाया मानले जातात. त्याने कुत्र्याचे पुढचे दात सु. तीन आठवडे मागे ओढले आणि जबड्याचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ताण पडलेल्या बाजूस नवे हाड तयार झाले होते. दाब पडलेल्या बाजूस, दाब सौम्य असता, खोबणीचा पृष्ठभाग सरळ झिजत होता. दाब जास्त असता मात्र परिदंत बंधाचा चिरडलेला भाग कोशिकाहीन व काचेसारखा दिसत होता. अशा भागातील रक्तप्रवाह थांबतो, तेथे अस्थिभंजक कोशिका पोहोचू शकत नाहीत आणि दात अडून राहतो. काही दिवसांनी शेजारच्या अस्थिमज्जेच्या पोकळ्यांतून त्या कोशिका येतात व हाड मागच्या बाजूने पोखरतात. या दुसऱ्या प्रकारास पोखरणारे अवशोषण म्हणतात. अधिक जोर लावल्याने दात अधिक वेगाने सरकत नाही, उलट काही काळ थांबतो, हे यावरून स्पष्ट झाले.

आल्बिन ओपेनहाइम याने १९११ मध्ये माकडांवरील प्रयोगांवरून, खोबणीचे सर्व हाड नव्या दिशेने पुन्हा रचले जाते, असे मत मांडले आणि अत्यंत सौम्य दाबाचा पुरस्कार केला. १९३२ मध्ये ए. एम्. श्वार्ट्स याने दाबास संख्येचे रूप दिले. केशवाहिन्यांतील रक्तदाबाइतका, म्हणजे दर चौ. सेंमी. मुळास २० ते २६ ग्रॅ., दाब इष्ट होय, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याहून अधिक दाबाने रक्तपुरवठा थांबून ऊतक मरते. मुळावर दाब सर्वत्र सारखा पडत नाही, हे पुढे लक्षात आल्याने हा आकडा शब्दशः घेतला जात नाही. परंतु सौम्य दाबाचे तत्त्व टिकून राहिले. नॉर्वेचे कोरे रायटन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मानवी दातांच्या छेदांवर प्रदीर्घ अभ्यास करून, सौम्य दाबातही काचसदृश भाग पूर्णपणे टाळता येत नाही, पण तो लहान ठेवता येतो, हे दाखविले. चार्ल्स बर्स्टन याने १९६२ मध्ये दात सरकण्याच्या तीन अवस्था सांगितल्या : प्रारंभीची किंचित हालचाल, नंतरचा थांबा आणि त्यापुढील सलग सरकणे.

हाडातील क्रियेचे स्पष्टीकरण : इतर हाडांवर योग्य भार पडला म्हणजे ती बळकट होतात, दाताच्या खोबणीचे हाड मात्र दाबाच्या बाजूस झिजते. या विसंगतीमुळे केवळ दाब व ताण यांच्या भाषेत केलेली मांडणी अपुरी असल्याचे शेल्डन बॉमरिंड याने १९६९ मध्ये दाखविले. दाब मुळावर दिला, तरी भोवतालचे सर्व हाड थोडे वाकते आणि त्याचा परिणाम दूरवर होतो. जपानमधील फुकादा व यासुदा यांनी १९५७ मध्ये हाड वाकविले असता त्यात सूक्ष्म विद्युत् निर्माण होते, हे सिद्ध केले होते. दात सरकण्याचे कारण हीच विद्युत् असावी, असे काही काळ मानले गेले; परंतु ती क्षणिक असल्याने सततच्या दाबाचा परिणाम तिने उलगडत नाही. आज या क्रियेचे वर्णन रासायनिक संदेशांच्या आधारे केले जाते. ताणलेल्या वा दाबलेल्या कोशिका प्रोस्टाग्लँडिने, सायटोकाइने इ. द्रव्ये सोडतात. १९९७-९८ च्या सुमारास ओळखल्या गेलेल्या रँकल या प्रथिनामुळे अस्थिभंजक कोशिका तयार होतात, तर ऑस्टिओप्रोटेजेरीन हे प्रथिन तिला आळा घालते. या दोहोंच्या तोलावर हाड झिजणे अवलंबून असते. म्हणूनच काही वेदनाशामक औषधांनी दात सरकण्याचा वेग मंदावू शकतो आणि अस्थिक्षयावरील बिस्फॉस्फोनेट औषधांनी तो फारच कमी होतो.

सर्वसाधारणपणे दात महिन्यास सु. १ मिमी. सरकतो. दात कलविण्यास सु. ३५ ते ६० ग्रॅ., मुळासकट सरळ सरकविण्यास ७० ते १२० ग्रॅ. आणि हाडात आत दाबण्यास केवळ १० ते २० ग्रॅ. दाब पुरेसा होतो. आत दाबताना सर्व भार मुळाच्या टोकाच्या लहानशा भागावर येतो, हे या फरकाचे कारण होय. हाडाला मर्यादाही असते. खालच्या पुढील दातांच्या ओठाकडील बाजूस हाडाचा पापुद्रा अतिशय पातळ असतो. दात त्याच्या बाहेर ढकलल्यास हाडात खाच किंवा खिडकीसारखे छिद्र पडते व हिरडी खाली सरकते. याउलट हाड पुरेसे असल्यास सरकणारा दात आपल्याबरोबर हाड घेऊन जातो. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत दंतधारक हाडातील फट अस्थिरोपणाने भरून सुळा तेथे आणण्याची पद्धत याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

मुळांवरील परिणाम : विल्हेल्म राँटगेन यांच्या १८९५ च्या क्ष-किरणांच्या शोधामुळे मुळे पाहता येऊ लागली. १९१४ मध्ये ऑटोलेंग्वी याने मुळांच्या झिजेचा दंतनियमनाशी थेट संबंध जोडला. डेन्व्हर येथील आल्बर्ट केचम याने १९२७ व १९२९ मध्ये शेकडो रुग्णांची उपचारापूर्वीची व नंतरची क्ष-किरण चित्रे ताडून पाहिली आणि उपचार केलेल्यांत मुळांची झीज कितीतरी अधिक असल्याचे दाखविले. ज्या उपचाराचा अभिमान बाळगला जात होता तोच दातांना अपाय करू शकतो, हे या व्यवसायास प्रथमच आकृतींनिशी कळले. त्यानंतर उपचारापूर्वी क्ष-किरण चित्र घेणे ही आवश्यक बाब झाली.

मुळावर संधानकाचा थर असून त्याच्या पृष्ठभागी अद्याप न कठिणावलेला पातळ स्तर असतो. हा स्तर अस्थिभंजक कोशिकांना रोखतो. म्हणून हाड झिजते तेव्हा मूळ बहुधा सुरक्षित राहते. काचसदृश भाग साफ होत असताना मात्र त्यालगतचा हा संरक्षक स्तरही नष्ट होतो व मुळात लहान खळगे पडतात. सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यास उपचार घेतलेल्या बहुतेक दातांत असे खळगे आढळतात. दाब थांबला की ते नव्या संधानकाने भरून येतात. झीज मुळाच्या टोकास झाली आणि टोकाचा तुकडा वेगळा पडला, तर मात्र मूळ कायमचे आखूड होते. बहुतेक रुग्णांत ही घट १ ते २ मिमी. पर्यंत असते व तिचा त्रास होत नाही. ४ मिमी. पेक्षा अधिक किंवा मुळाच्या एकतृतीयांशाहून जास्त घट १ ते ५ टक्के दातांत आढळते. वरच्या पुढील दातांना ती अधिक संभवते. उपचार थांबल्यावर झीजही सामान्यतः थांबते.

ही घट कोणास होईल, हे निश्चित सांगता येत नाही. १९३० नंतरच्या दशकात हर्मान बेक्स याने ग्रंथींच्या विकारांस दोष दिला. पुढे तेवढे कारण पुरेसे ठरले नाही. २००३ पासून आनुवंशिक घटकांचा शोध चालू आहे, परंतु निष्कर्षांत एकवाक्यता नाही. निमुळती किंवा टोकाशी वाकलेली मुळे, दातास पूर्वी झालेला मार, जास्त दाब, दीर्घ उपचार आणि टोकाचे मोठे विस्थापन ही धोक्याची लक्षणे मानली जातात. सु. ६ महिन्यांनी क्ष-किरण चित्र घ्यावे आणि झीज दिसल्यास २ ते ३ महिने तारांचा दाब थांबवावा, ही पद्धत लेव्हांडर व माल्मग्रेन यांच्या अभ्यासांतून रूढ झाली.

साधनांचा विकास : एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) याने अमेरिकेत या शाखेस स्वतंत्र विद्येचे स्थान दिले व १९२८ मध्ये चौकोनी तारेची पद्धत प्रसिद्ध केली. योग्य चर्वणाच्या भाराने दातांभोवती हवे तेवढे हाड निर्माण होईल, म्हणून दात काढू नयेत, असा त्याचा विश्वास होता. अनेकांत दात पुन्हा पूर्वस्थितीस आल्यामुळे हा विश्वास पुढे डळमळला. त्याचाच शिष्य, ॲडलेड येथील पर्सी रेमंड बेग (१८९८–१९८३), याने ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या झिजलेल्या दातांचा अभ्यास करून काही दात काढण्याचे समर्थन केले. बारीक, लवचिक पोलादी तारेने आधी दात कलवायचे व नंतर मुळे सरळ करायची, ही त्याची सौम्य दाबाची पद्धत होती. तिच्या अखेरच्या टप्प्यात मुळांची टोके बरीच दूर न्यावी लागत व त्या वेळी झिजेकडे विशेष लक्ष ठेवावे लागे. १९७० नंतर प्रचारात आलेल्या निकेल-टिटॅनियमाच्या तारांमुळे अल्प व जवळजवळ एकसारखा दाब देणे सोपे झाले. एकविसाव्या शतकात त्रिमितीय क्ष-किरण चित्रणाने हाडाची जाडी व मुळाची झीज अधिक अचूक मोजता येते.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने या व्यवसायास कायदेशीर चौकट मिळाली. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटीची स्थापना १९६५ मध्ये मुंबईत झाली, एच्. डी. मर्चंट हे तिचे पहिले अध्यक्ष होत. भारतातील दंत महाविद्यालयांत पुढील दोन दशके बेगच्या पद्धतीचा मोठा प्रभाव होता. शासकीय दंत महाविद्यालय नागपूर येथे १९६८ मध्ये आणि मराठवाड्यात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८२ मध्ये निघाले. पुढे लातूर व नांदेड येथेही खाजगी दंत महाविद्यालये झाली.

निलंगा हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात, त्यानंतर उस्मानाबाद जिल्ह्यात व १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. निलंगा ते लातूर हे अंतर सु. ५० किमी. आहे. शासकीय व खाजगी महाविद्यालये जवळ येईपर्यंत अशा भागातील रुग्णास दंतनियमनासाठी हैदराबाद, मुंबई किंवा पुणे गाठावे लागे, आणि दीड-दोन वर्षे चालणारा हा उपचार बहुधा आवाक्याबाहेर राही. अंतराचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. दाबानंतर काचसदृश भाग साफ होण्यास व हाड नव्याने बांधले जाण्यास काही आठवडे लागतात, म्हणून तार ४ ते ६ आठवड्यांनी बदलतात. भेटी वाचविण्यासाठी एकदम जास्त दाब दिल्यास किंवा लग्न ठरण्यापूर्वी दात सरळ व्हावेत म्हणून घाई केल्यास, त्याची किंमत मुळांना द्यावी लागते. तारा बसवून महिनोन्महिने तपासणीस न येणेही तितकेच अपायकारक असते. सुटलेली वा वाकलेली तार दातास नको त्या दिशेने ओढत राहते व कुणाच्या लक्षात येत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रियांत रूढ असलेली मिश्री आणि तंबाखू यांमुळे हिरड्या व खोबणीचे हाड आधीच क्षीण झालेले असू शकते. सुजलेल्या हिरडीत दात सरकविल्यास हाडाचा नाश वेगाने होतो; म्हणून प्रौढांत आधी हिरड्यांचा उपचार करणे अनिवार्य असते. नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागासारख्या, भूजलात फ्लोराइड अधिक असलेल्या प्रदेशांत दंतवल्क डागाळलेले व सच्छिद्र असते. त्यावर कंस नीट चिकटत नाहीत, ते वारंवार निघतात आणि उपचार लांबतो. लांबलेला उपचार हा मुळांच्या झिजेचा एक घटक असल्याने ही अडचण केवळ पृष्ठभागापुरती राहत नाही.

उपचारोत्तर काळ : तारा काढल्या तरी क्रिया संपत नाही. परिदंत बंधाच्या तंतूंची पुनर्रचना होण्यास ३ ते ४ महिने, तर हिरडीतील लवचिक तंतूंना वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. तोवर दात जुन्या जागी परतू पाहतात. त्यांना धरून ठेवणारे साधन वापरावे लागते. आखूड मुळांचे दात हिरड्या निरोगी असल्यास अनेक वर्षे कार्यक्षम राहतात, कारण दाताला मिळणाऱ्या आधाराचा मोठा भाग मुळाच्या वरच्या अंगास असतो. त्यांना हाडाचा क्षय मात्र सोसत नाही. म्हणून अशा रुग्णाने तंबाखू वर्ज्य करणे, दात स्वच्छ ठेवणे आणि उपचारापूर्वीची व नंतरची क्ष-किरण चित्रे जपून ठेवणे आवश्यक असते. पुढील कोणत्याही दंतवैद्यास मुळांची झीज जुनी की नवी, हे त्यांवरूनच ठरविता येते.